मूल्यमापन शिकायचंय? आधी बॅनर छापून घ्या

आरोग्य कार्यक्रमांचं मूल्यमापन शिकायला निघालाय म्हणे तुम्ही. शिका शिका. फक्त एक सांगतो, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी चुकूनसुद्धा काही मोजू नका. आधी किती मुलींचं हिमोग्लोबिन कमी होतं ते कागदावर आलं की नंतरचं पण कोणीतरी विचारणारच, हात दाखवून अवलक्षण कशाला?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने हा आधी मोजायचा उद्योग केला होता. नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायची म्हणून ३९ गावं घेतली, वर ४७ गावं नुसती तुलनेला धरली, १९९३ पासून दोन वर्षं आधीचे मृत्यू मोजत बसले, मग तीन वर्षं काम, आणि तेव्हा कुठे १९९९ला छापून आलं की तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. एवढा वेळ कोणाला आहे हो, आपल्याला ३१ मार्चच्या आत निधी संपवायचाय.

त्यापेक्षा रक्त वाढावं म्हणून शाळेत दर आठवड्याला वाटतात त्या लोहाच्या निळ्या गोळ्या बघा. आल्या किती, वाटल्या किती, भागाकार केला की ९८ टक्के, टाका रिपोर्टात. पोटात किती गेल्या हा प्रश्न सिलॅबसबाहेरचा. मी एकदा आगाऊपणा करून एका शाळेत विचारलं, तर आठवीतल्या एका पोरीने कंपासपेटी उघडली. कर्कटकाखाली सात निळ्या गोळ्या. रजिस्टरात सातही आठवडे बरोबरची खूण. म्हणाली, "सर, रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, आणि बाई तर प्रार्थना झाली की लगेच वाटतात." गोळी जेवणानंतर द्यायची हे गाइडलाइनमध्ये लिहिलेलंच असतं, पण गाइडलाइन कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या क्लार्ककडे. असलं काही रिपोर्टात लिहायचं नसतं बरं का, उगाच पुढच्या वर्षी वेळ बदलावी लागते.

आकडे उलटे आले तरी घाबरू नका. २०१८ला ॲनिमिया मुक्त भारत हे सरकारी अभियान आलं, दरवर्षी ३ टक्क्यांनी रक्तक्षय खाली आणायचं ठरलं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये २०१५-१६ला ५३ टक्के होता, २०१९-२१ला ५७. अशा वेळी 'जनजागृती झाली' लिहायचं. जनजागृती मोजायचं मशीन अजून निघालेलं नाही.

हात धुण्याचा कार्यक्रम असेल तर घरोघरी जाऊन "साबणाने हात धुता ना?" असंच विचारा, त्या 'ना'मध्येच सगळं येतं, पेन घेऊन दारात आलेल्या माणसाला नाही कोण म्हणेल. मोरीतला साबण ओला आहे की अजून कागदातच आहे ते बघायला आत जाऊ नका, चहा मात्र घ्या.

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. पर्याय दोनच ठेवायचे, 'खूप आवडला' आणि 'आवडला'. आमच्या त्या कंपासवाल्या पोरीने बराच वेळ पेन चावून 'आवडला'वर टिक केली, म्हणजे शंभर टक्के लाभार्थी समाधानी. ग्रुप फोटोत पण आहे ती, दुसऱ्या रांगेत, बॅनरच्या मागे, अर्धीच दिसते.