विमानाला निघालेली बाई

लेक बेंगळुरूला. तिकडचं विमान पुण्याहून, आणि पुण्याचं विमानतळ पार लोहगावला. साताऱ्याहून स्वारगेटपर्यंत एसटी. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळे खंबाटकीचा बोगदासुद्धा स्वस्तात पार होतो. इथवर तक्रार नाही. स्वारगेटला रिक्षावाल्यानं माझ्या बॅगेकडे बघून जो आकडा सांगितला, तेवढ्यात मी साताऱ्याला जाऊन, जेवून परत आले असते. म्हणून विमानतळाची पाटी लावलेल्या शहर बसमध्ये चढले.

बॅग चार चाकांची. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर एका बोटानं चालते. बसमध्ये बोटही लावावं लागत नाही. ब्रेक दाबला की ती ड्रायव्हरकडे, गाडी सुटली की मागच्या दाराकडे. पाटीवर विमानतळ लिहिलेलं, पण बॅग ठेवायला ना फळी ना कोपरा. म्हणजे विमानाला जाणारा माणूस हात हलवत जातो, अशी कुणाची तरी समजूत असावी. एका वळणावर बॅग कंडक्टरच्या नडगीवर जाऊन आदळली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच तिला छू केलं होतं.

तेवढ्यात मार्केट यार्डातून माल भरून निघालेल्या एक मावशी पुढे आल्या. मेथीच्या जुड्यांचं ओलं फडकं त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं, बॅग पायानं ओढून घेतली, आडवी पाडली आणि तिच्यावर बसल्या.

"मावशी, आत खायचं सामान आहे."

"मंग बरंय की. कपडं असतं तर चुरगाळलं असतं." मग खाली हात लावून, "आता हलती का?"

हलत नव्हती. मी काय बोलणार!

"कुटलं गाव?"

"सातारा."

"सातारा म्हंजी सातारा, का आपलं उगं?" (हा प्रश्न रास्त आहे. वाई-कोरेगावची माणसंही पुण्यात आल्यावर सातारच सांगतात.) मी सातारच म्हटल्यावर चेहरा खुलला. "आमी दहिवडीचं! आन् निगाली कुटं?"

इथे मी येरवडा म्हणायला हवं होतं. पण पाटी विमानतळाची, बॅग विमानाची.

"बेंगळुरूला. लेकीकडे. विमानानं."

"इमानानं?" हे त्या मला नाही, बसला उद्देशून म्हणाल्या. "आन् आली येष्टीनं? किती पडलं तिकीट?"

मी खऱ्याहून बराच कमी आकडा सांगितला. तोही जास्तच झाला. समोरच्या पोरानं कानातला इअरफोन काढला. मावशींनी हिशेब मांडला: "एवढं पैसं वर उडायला दिलं, आन् खाली रिक्षाला जड झालं व्हय?"

बस हसली. कंडक्टर तर नडगी विसरून हसले. मला सांगा, महागडं तिकीट काढलेल्या माणसाला स्वस्त तिकीट काढायचा हक्क नसतो का? उलट ते महाग होतं म्हणूनच हे स्वस्त हवं. पण लोकांच्या डोक्यात विमानाची माणसं वेगळी आणि बसची वेगळी. दोन्हीकडे दिसणारा माणूस संशयित.

मग माझा खटला सगळ्या बसनं चालवायला घेतला. कानातलं काढलेला पोरगा म्हणाला, "काकू, मेट्रोनं जायचं ना. स्वारगेटला बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायची, रामवाडीला उतरायचं."

"आणि रामवाडीहून काय उडत जाणार?" मागून एक आजोबा. "त्यांनी पाचशेनऊला उतरावं." पाचशेनऊ हा बसचा नंबर नव्हे, चौक आहे. यावर दोन पक्ष पडले. मी कुठे उतरावं यावर माझं मत कुणी विचारलं नाही. मला शेवटच्या स्टॉपवर उतरायचं होतं!

तोवर बंडगार्डनच्या पुलाअलीकडे बस तुंबली. घड्याळ बघू नये म्हणून मी इकडचं तिकडचं आठवत बसले. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. विमानतळाला त्यांचं नाव द्यायचं चाललंय, ते योग्यच. पण तुकोबांना न्यायला विमान देहूत आलं होतं, अशी आपली श्रद्धा आहे. त्यांना कुणी स्वारगेटला बस बदलायला लावली नाही. आणि आमच्या जिल्ह्यात विमानाची सोय नाही असंही नाही. कराडला आहे धावपट्टी, १९५५ सालची, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली. पण तिथून मला बेंगळुरूला नेणारं विमान नाही. निवडणूक आली की विस्तारीकरणाच्या बातम्या तेवढ्या वेळेवर उतरतात.

येरवड्याला मावशी उठल्या. बॅगेतून कुरकुर आवाज आला. माझ्या मांडीवरचं फडकं उचललं, साडीवर ओला गोल राहिला. त्यातली एक जुडी मला देऊ केली. "लेकीला भाजी कर. तिकडं असली गावायची न्हाई." मी नको म्हटलं, त्यांनी माझ्या पर्समध्ये खोचली. तिचे पैसे घेतले. सुट्टे.

दारावरच्या जवानानं आधी तिकीट बघितलं, मग ओळखपत्र, मग पर्समधून डोकावणारी मेथी. पुन्हा ओळखपत्र. बॅगेतल्या खायच्या सामानाचं म्हणाल, तर बेंगळुरूला साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा डबा लेकीनं उघडला आणि म्हणाली, "आई, ही बर्फी कुठली?"

"येरवड्याची," म्हटलं.

परतीला रात्रीची बस मिळाली. रिकामी. बॅग पुन्हा एकटीच फिरायला निघाली. वेगळे कंडक्टर, पण नडगी तीच. म्हणाले, "बॅगेचं तिकीट लागेल."

"जाताना तिच्यावर एक बाई बसून गेल्या," मी म्हटलं. "ती बॅग नाही, सीट आहे. सीटचं तिकीट कोण काढतं?"

त्यांनी मशीन पुढे धरलं. "सुट्टे द्या."