फवारा झाडावर, गळती अंगावर

फवारणी पंप घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिली गोष्ट करतो ती म्हणजे टाकीवर टिचकी मारून पाहणं. टिचकीला माझा विरोध नाही, आवाज छान येतो. कळत मात्र काही नाही. टाकी सहसा मरतच नाही. मरते ती आत, पिस्टनच्या टोकाला बसलेली काळी रबरी रिंग. ती फुगते, आखडते किंवा चिरते, आणि मग धडधाकट टाकी, जाडजूड पट्टे, चकचकीत दांडा हे सगळं असूनही पंप अडगळीत जातो. म्हणून टिकाऊ पंप निवडणं म्हणजे खरं तर टिकाऊ रिंग निवडणं. आणि रिंग तर दुकानात कोणी दाखवत नाही.

खोक्यावर ‘टिकाऊ’ असं छापलेलं असतं. ते प्रत्येक खोक्यावर असतं, त्यामुळे त्याची दखल घेण्याचं कारण नाही. खोक्यावरचा माणूसही बघून घ्यावा. पांढरा सदरा, हातमोजे नाहीत, तोंडाला काही नाही, आणि तो एका हाताने हसत हसत फवारतोय. कीटकनाशक फवारताना असं हसणाऱ्याच्या पोटात बरंच काही गेलेलं असतं. आणि त्या चित्रातला फवारा नोझलमधून निघतो. प्रत्यक्षात तो आधी मुठीतून निघतो, मनगटावरून कोपरापर्यंत जातो आणि उरला तर झाडाला मिळतो.

आधी आकाराचा निकाल लावावा. कुंड्यांसाठी एक-दोन लिटरचा हातपंप पुरतो. छोट्या बागेला पाच ते आठ लिटरचा, खांद्याला अडकवायचा. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप ‘असू द्या, कधीतरी लागेल’ असं सांगणारा हितचिंतक नेमका तो पंप उचलणारा नसतो. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यात पंपाचं स्वतःचं तीन-चार किलो धरलं की वीस किलोच्या आसपासचं ओझं पाठीवर घेऊन वाकायचं, आणि वाकून पानांची खालची बाजू भिजवायची, कारण मावा आणि पांढरी माशी तिथेच बसतात. शिवाय हवा दाबून चालणारा पाच लिटरचा पंप पाच लिटर भरायचा नसतोच. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून वरचा पाव भाग रिकामा ठेवावा लागतो. काठोकाठ भरला तर दांडा चार हिसक्यांत घट्ट होतो, फवारा थोडा वेळ झोकात निघतो आणि मान टाकतो. मग लोक पंपाला शिव्या देतात.

आता रिंग. दुकानदाराला विचारावं, “आतली सीलं कशाची आहेत?” उत्तर येतं, “रबराची.” हा संवाद इथे संपू देऊ नये. बहुतेक पंपांत तीनपैकी एक रबर असतं: नायट्राइल, ईपीडीएम किंवा व्हायटॉन. ईपीडीएम पाण्याला, उन्हाला आणि साबणासारख्या अल्कधर्मी द्रावणांना चांगलं टिकतं, पण तेलाशी त्याचं अजिबात पटत नाही. बागेत फवारायचं खनिज तेल त्यात घातलं की रिंग फुगते आणि दांडा खाली ढकलायला दोन माणसं लागतात. नायट्राइल तेल सोसतं, पण उघड्यावर उन्हात पडलं की हवेतल्या ओझोनने त्याला बारीक चिरा जातात. व्हायटॉन तेलांना आणि बऱ्याच औषधांतल्या द्रावकांना पुरून उरतं. पण तेही अमर नाही. अमोनिया आणि कडक अल्कली त्याला मानवत नाहीत. थोडक्यात, काय फवारणार हे ठरल्याशिवाय कुठला पंप टिकेल हे ठरत नाही. कडुनिंबाचं तेल, खनिज तेल वारंवार वापरणाऱ्याने व्हायटॉन मागावं. नुसतं पाणी आणि साबण फवारणाऱ्याने उगाच मोठेपणा करू नये. ब्लीच मात्र कोणी कुठल्याच पंपात घालू नये. ते धातू खातं आणि रबरालाही सोडत नाही.

रिंगला वंगण हवं ते सिलिकॉन ग्रीसचं. घरात सापडलेली पेट्रोलियम जेली चोपडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ईपीडीएमच्या दृष्टीने तेही तेलच. प्रेमाने चोपडलेली रिंग महिनाभरात गोल राहत नाही.

नोझलच्या बाबतीत तर चकाकी सरळ फसवते. पितळ जड लागतं, पिवळं दिसतं, खणखणतं, म्हणून ते टिकाऊ वाटतं. पण झिजतं तेच आधी. स्टेनलेस स्टील, चांगल्या प्रतीचं कडक प्लॅस्टिक आणि सिरॅमिक हे तिघेही पितळेला मागे टाकतात, त्यात सिरॅमिक सर्वांत चिवट. पाण्यात मिसळणाऱ्या भुकट्या, म्हणजे गंधक, कॉपर ऑक्सिक्लोराइड वगैरे, विरघळत नाहीत. त्यांचे कण पाण्यात तरंगत नोझलमधून घासत जातात आणि भोक मोठं करत राहतात. डोळ्यांना ते दिसत नाही. मोजून दिसतं. नवं नोझल बसवलं की मापाच्या भांड्यात एक मिनिट फवारून किती मिलिलिटर पाणी आलं ते टाकीवरच लिहून ठेवावं. पुढे कधी तेवढ्याच दाबाला हा आकडा दहा टक्क्यांनी वाढला की नोझल बदलावं. कीड आणि बुरशीसाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारं, तणनाशकासाठी सपाट पंख्यासारखा देणारं. फिरवून धारेचं धुकं करणारं नोझल सोयीचं खरं, पण जरा जास्त फिरवलं की ते निसटून जाईजुईच्या दाट जाळीत पडतं आणि दाब असलेली धार फवारणाऱ्याकडे वळते.

जास्त पंप मारला की जास्त औषध येतं, हा एक लाडका गैरसमज. येणारं पाणी दुप्पट करायला दाब चौपट लागतो. तेवढा दाब आला तरी थेंब इतके बारीक होतात की शेजाऱ्याच्या बागेला औषध पोचतं आणि आपली बाग कोरडी राहते. हातपंपाला दोन-तीन बार (बार म्हणजे दाबाचं माप) पुष्कळ. दाब सोडणारा व्हॉल्व्ह नसलेला पंप मी तरी हातात धरणार नाही. झाकण उघडण्याआधी तो ओढून हवा काढायची असते. नाहीतर झाकण आपोआप उघडतं, तोंडाच्या दिशेने.

म्हणून दुकानात पुढचं करून पाहावं, दुकानदाराने कितीही तोंड वाकडं केलं तरी. टाकीत साधं पाणी भरून दाब द्यावा आणि पंप तसाच दहा मिनिटं ठेवावा. नळी मुठीला जिथे मिळते तिथे बोट फिरवावं. बहुतेक नळ्या तिथेच दुमडून तडकतात, म्हणून आत जाळी विणलेली आणि क्लिपने घट्ट बसवलेली नळी हवी. ट्रिगर सोडल्यावर नोझलमधून थेंब गळतात का ते बघावं. मुठीतली गाळणी हाताने उघडता येते का? पाना लागत असेल तर ती कधीच साफ होणार नाही. टाकीचं तोंड रुंद आहे का, पाण्याची पातळी बाहेरून दिसते का? आणि शेवटी विचारावं, “याचा वॉशर-रिंगचा संच द्या.” “लागतच नाही हो, खराबच होत नाही,” असं उत्तर आलं की पंप खाली ठेवून चालू लागावं.

बॅटरीच्या पंपात हात दुखत नाही, एवढा मोठा गुण आहे. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवून हंगाम काढला तर मात्र ती पुढच्या हंगामात उठत नाही; ठेवण्याआधी पूर्ण चार्ज करावी.

पंप रुसला की निदान सोपं असतं, पण लोक उलट्या टोकापासून सुरुवात करतात. दांडा खाली ढकलल्यावर आपोआप वर येत असेल तर तळाचा झडप-व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिलाय. दांडा अगदी हलका, बिनविरोध चालत असेल तर पिस्टनची रिंग सुकली किंवा गेली. दाब आहे पण फवारा नाही, तर गाळणी किंवा नोझल तुंबलंय. नोझल मऊ टूथब्रशने पाण्यात घासावं. टाचणी घालू नये, भोक कायमचं बिघडतं. तोंडाने फुंकर तर मुळीच मारू नये, कारण पलीकडे औषध आहे.

तुंबण्याचा निम्मा दोष मिसळणाऱ्याचा. भुकटी सरळ टाकीत ओतायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात तिची पातळ लापशी करावी, टाकीत निम्मं पाणी घ्यावं, लापशी फडक्यातून गाळून ओतावी, मग उरलेलं पाणी. मधेमधे टाकी हलवत राहावी. काम झालं की तीनदा धुवावी, दर वेळी ते पाणी नोझलमधूनच बाहेर काढावं आणि ज्या झाडांवर फवारलं त्यांच्यावरच मारावं, गटारात नाही. मग दाब सोडून, झाकण काढून, टाकी सावलीत उलटी टांगावी.

आणि तणनाशकासाठी पंप वेगळाच हवा. टू-फोर-डी या तणनाशकाचा किंचित अंश टाकीत राहिला तरी टोमॅटोची पानं वेडीवाकडी वळतात, आणि तो अंश तीनदा धुऊनही नळीत दडून बसतो. त्या पंपावर कागदाची चिठ्ठी चिकटवू नये, ती पहिल्याच धुण्यात जाते. मुठीला लाल तार गुंडाळावी आणि पंप वेगळ्या खोलीत कुलपात ठेवावा, कारण घरात एक तरी माणूस असा असतोच जो हाताशी येईल तो पंप उचलतो आणि टोमॅटोकडे जातो.