तयार मिळतंय की, मामा!

माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं आणि तिच्या प्रोजेक्ट पार्टनरनं रास्पबेरी पाय पिको 2 नावाचा छोटासा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला, आणि "मामा यातलाच आहे" एवढ्या भांडवलावर बहिणीनं मला रविवारी घरी बोलावून घेतलं. यातला म्हणजे एम्बेडेडमधला, उपकरणांच्या पोटातल्या चिपांसाठी प्रोग्रॅम लिहिणारा. आमच्या नातेवाइकांच्या हिशेबात हा धंदा वॉशिंग मशीनचं कार्ड बदलणारा आणि सेट टॉप बॉक्स सुरू करून देणारा यांच्या मधे कुठेतरी बसतो.

मुलांना ओपनओसीडी हवं होतं. चिपला दोन तारा जोडायच्या, धावत्या प्रोसेसरला हव्या त्या ओळीवर थांबवायचं, मेमरीत काय आहे ते बघायचं आणि पुन्हा सोडून द्यायचं, हे ज्याच्यामुळे जमतं ते हे सॉफ्टवेअर. फुकट, मुक्त, सगळा सोर्स म्हणजे मूळ कोड उघडा. जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये डॉमिनिक राथ या विद्यार्थ्यानं 2005 मध्ये पदविकेच्या प्रबंधासाठी ते लिहिलं. भाचीला म्हटलं, बघ, एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट इतकी वर्षं जगभर चालतोय. ती म्हणाली, "आमचा सबमिशनपर्यंत चालला तरी पुरे."

मग ती हळूच म्हणाली, "मामा, याच्या तयार फाइल मिळतात. मी बघितल्यात."

खरं तर विषय इथेच संपायला हवा होता. पण तयार मिळतंय ते घेणं माझ्या स्वभावात नाही, आणि माझ्या बाजूनं पुरावाही होता. लिनक्सच्या पॅकेजमध्ये मिळणारी आवृत्ती 0.12, ती जानेवारी 2023 मधली. पिको 2 बाजारात आला ऑगस्ट 2024 मध्ये. जी चिप जन्मालाच आली नव्हती तिची ओळख त्या आवृत्तीला कुठून असणार? रास्पबेरी पायवाल्यांनी ओपनओसीडीची स्वतःची शाखा काढली आहे, तीत ही चिप आहे. तिचा सोर्स आणायचा आणि बिल्ड करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम आपणच घडवायचा.

"त्या शाखेच्याच तयार फाइल म्हणतेय मी."

"सोर्समधून," मी म्हणालो.

"आणि बटण दाबून धरून यूएसबी लावलं तर पिको पेनड्राइव्ह म्हणून दिसतो. प्रोग्रॅम नुसता कॉपी केला तरी..."

"आणि प्रोग्रॅम चुकला तर? कुठे चुकला ते पेनड्राइव्ह सांगणार आहे?"

यावर ती गप्प बसली. मुलांना वाटतं मोठी माणसं वादात जिंकतात. मोठ्यांना फक्त आवाज जरा जास्त असतो.

सुरुवात माझ्या लॅपटॉपपासून, कारण त्यावर लिनक्स आहे आणि लिनक्सवर हे सगळं "सरळ" होतं. सरळ म्हणजे असं, की कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट बनवायला ऑटोकॉन्फ लागतं, मेकफाइलचा, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलीचा, साचा बनवायला ऑटोमेक, या दोघांच्या जोडीला लिबटूल, आणि सगळ्यांना ओळीनं उठवायला बूटस्ट्रॅप नावाची आणखी एक स्क्रिप्ट. ती मधेच सबमॉड्यूल, म्हणजे दुसऱ्या प्रकल्पांचा कोड, आणते, कारण ओपनओसीडीच्या पोटात जिम टीसीएल नावाची एक अख्खी छोटी भाषा राहते. मग कॉन्फिगर चालू होतं आणि मोठ्यानं बोलत एकेक गोष्ट तपासतं. त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो: बिल्डचं वातावरण शहाणं आहे का? आणि स्वतःच उत्तर देतं, हो. आमच्या घराण्यात शहाणपणाचा लेखी दाखला एवढा एकच.

शेवटी ते सगळ्या अडॅप्टरांची, म्हणजे लॅपटॉप आणि चिप यांच्या मधे बसणाऱ्या उपकरणांची, लांबलचक यादी छापतं. कधी न पाहिलेल्या काही अडॅप्टरांपुढे हो, हो, हो. आमचं अडॅप्टर ज्या सीएमएसआयएस-डॅप पद्धतीनं बोलतं तिच्या नव्या आवृत्तीपुढे मात्र नाही. एरर नाही, आरडाओरडा नाही, नुसतं नाही, आणि तेही चाळीसेक ओळींच्या गर्दीत. कारण यूएसबीशी बोलणारी लिबयूएसबी ही लायब्ररी मशीनवर होती, पण त्याचं डेव्हलपमेंट पॅकेज नव्हतं. ते घातलं. पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा शहाणपणाची चौकशी. मग मेक. शेकडो फाइली कंपाइल झाल्या आणि अगदी शेवटी सगळं अडलं, कारण मेकइन्फो नाही. मेकइन्फो लागतं कशाला? तर माहितीपुस्तिका बनवायला! लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि पत्रिका छापली नव्हती म्हणून वऱ्हाड परत.

पुस्तिकेचीही सोय केली. ओपनओसीडी सुरू झालं आणि म्हणालं, जुळणारं कोणतंही सीएमएसआयएस-डॅप उपकरण सापडत नाही. उपकरण त्याच्यासमोर टेबलावर दिवा लावून बसलेलं. सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकारानं, विचारलं तर लगेच सापडलं. म्हणजे दिसत होतं, पण परवानगीशिवाय ओळख दाखवायची नाही. त्यासाठी यूडेव्हच्या, म्हणजे कुठलं उपकरण कुणाला वापरू द्यायचं ते ठरवणाऱ्याच्या, नियमांची एक फाइल सोर्समध्येच ठेवलेली असते. ती जागेवर नेऊन ठेवायची, केबल काढून परत लावायची. या सगळ्याला आमच्याकडे "लिनक्सवर काही प्रॉब्लेम नाही" असं म्हणतात.

भाचीचा मॅक. इथे सगळं ब्रू नावाच्या पॅकेज आणणाऱ्या प्रोग्रॅममधून येतं, आणि ब्रू एक मागितलं की सोबत दहा आणतो. मॅकमध्ये लिबटूल नावाचं हत्यार आधीपासून असतं. ते चांगलं आहे, पण ते हे नव्हे. आपल्याला हवं ते जीएनयूचं, आणि दोघांची गल्लत नको म्हणून ब्रू त्याला जी-लिबटूल म्हणतो. बूटस्ट्रॅपला हे ठाऊक असतं, त्यामुळे तिथे निभावलं. अडलं ते कंपाइल होताना. ओपनओसीडीचा दंडक असा की कंपायलरनं नुसती वॉर्निंग दिली तरी ती एरर धरायची. माझ्या लिनक्सवरचा जीसीसी कंपायलर ज्या ओळीवरून निमूट पुढे गेला, तिथे मॅकच्या क्लँग कंपायलरनं भुवई उंचावली. एवढ्यावर बिल्ड बंद! मी त्या ओळीचा अभ्यास करायला खुर्ची ओढली, तेवढ्यात भाचीनं कॉन्फिगरला डिसेबल-वेरर असा पर्याय देऊन काम पुढे नेलं. नव्या पिढीला वॉर्निंगचं गांभीर्य नाही. मात्र बिल्ड झालं.

राहिला पार्टनर. "काका, माझं विंडोज आहे," हे त्यानं अगदी शेवटी, खाली मान घालून सांगितलं.

विंडोजवर हे करायला आधी एमएसवायएस 2, म्हणजे लिनक्ससारखी हत्यारं देणारा संच, घ्यावा लागतो. तो बसवला की स्टार्ट मेनूत टर्मिनलची बरीच चिन्हं उगवतात. चित्र एकच, रंग वेगवेगळे. प्रत्येक रंगाचा कंपायलर वेगळा, लायब्ररी वेगळी, आणि एका रंगात बसवलेलं दुसऱ्या रंगात चालेल याची खात्री नाही. तिथल्या पॅकमॅन नावाच्या पॅकेज आणणाऱ्याला नुसतं "जीसीसी दे" म्हटलं की तो देतो, पण भलत्याच वातावरणाचं. हवं ते मिळायला पॅकेजच्या नावाआधी मिंगडब्ल्यूपासून सुरू होणारं भलंमोठं उपपद लावावं लागतं. पूर्वी संस्थानिकांना लावत तसं. त्यातून पोरानं सोर्स ठेवला होता "फायनल प्रोजेक्ट न्यू" या फोल्डरमध्ये, आणि मेकला नावातल्या रिकाम्या जागांचं वावडं. फोल्डर हलवलं.

मग कॉन्फिगर. ही स्क्रिप्ट प्रत्येक बारीकसारीक प्रश्नासाठी नवी प्रोसेस जन्माला घालते. लिनक्सला त्याचं काही वाटत नाही. विंडोजवर एमएसवायएसला तो जन्म दर वेळी सोंग आणून घडवावा लागतो. त्यामुळे प्रश्न पडतो, मग बराच वेळ जातो, मग उत्तर येतं. बहिणीनं पोहे आणले, आम्ही ते खाल्ले, तिनं बश्या उचलल्या, आणि स्क्रीनवर अजून सी कंपायलर चालतो का याचाच विचार चालला होता. मधे अँटिव्हायरसनं एका ताज्या एक्झी फाइलला संशयावरून अडवलं. तिचा गुन्हा एवढाच की ती याआधी जगात कुणी पाहिली नव्हती. अखेर झालं. त्या रंगीत खिडकीत ओपनओसीडी झकास चाललं. पोरानं कौतुकानं एक्सप्लोररमधून डबल क्लिक केलं, तर लिबयूएसबीची डीएलएल, म्हणजे विंडोजवरची लायब्ररीची फाइल, सापडत नाही.

"म्हणजे हे फक्त याच खिडकीत चालणार का काका?"

"डीएलएल शेजारी आणून ठेव," मी म्हणालो. विंडोजवर बहुतेक प्रश्नांचं उत्तर हेच असतं.

आता तीन लॅपटॉप, तीन ओपनओसीडी. हातानं हुकूम द्यायच्या टेलनेटसाठी 4444, जीडीबी या डीबगरसाठी 3333, सगळी पोर्टं कान देऊन बसलेली. दिवा लुकलुकवायचा प्रोग्रॅम पाठवला. व्हेरिफाइड ओके. दिवा ढिम्म. मी आनंदानं ताठ बसलो, कारण आता डीबगर कशाला लागतो ते दाखवता येणार होतं. ब्रेकपॉइंट लावला, प्रोसेसर थांबला, एकेक ओळ पुढे नेली. लूप बरोबर फिरत होतं. पंचवीस नंबरची पिन नेमानं शून्य, एक, शून्य, एक.

"काका," पार्टनर बोर्ड डोळ्यांजवळ नेत म्हणाला, "यावर डब्ल्यू लिहिलंय."

पिको 2 डब्ल्यू. वायफायवाला. त्याच्यावरचा दिवा पंचवीस नंबरवर नसतो, तो वायफायच्या चिपला जोडलेला असतो. दिवा लावायचा तर आधी वायफायचा ड्रायव्हर जागा करायचा. तो ड्रायव्हर पिकोच्या एसडीकेत, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सामानात, सबमॉड्यूल म्हणून येतो, आपल्या प्रोग्रॅमबरोबर कंपाइल करावा लागतो.

भाचीनं माझ्याकडे बघितलं. "तयार नाही ना मिळत?"

"सोर्समधूनच," मी म्हणालो.

पार्टनरनं लॅपटॉप जवळ ओढला, योग्य रंगाची खिडकी उघडली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडला, "काकू, पोहे उरलेत का?"