शहाण्या पात्रांची मालिका बघणार कोण?

"तिने तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं!" मालिकेतलं पात्र चुकलं की प्रेक्षकांची ही ठरलेली तक्रार. अहो, सांगितलं असतं तर दुसऱ्याच भागात मालिका गुंडाळावी लागली असती. मग तुम्ही रात्रभर जागून बघितलं काय असतं? पात्र घाबरलं, खोटं बोललं, नको त्या माणसावर भाळलं की लगेच निकाल तयार: लेखन फसलंय! का बुवा? माणसं घाबरत नाहीत? तुम्ही स्वतः रोज मोजूनमापून वागता वाटतं?

आणि न्याय तरी कसला! 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेतला वॉल्टर अमली पदार्थ बनवतो, माणसं मारतो, तरी तो थोर. त्याला जाब विचारणारी बायको स्कायलर मात्र डोकं उठवणारी! ती भूमिका करणाऱ्या ॲना गनच्या वाट्याला इतका द्वेष आला की २०१३ मध्ये तिला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लेख लिहावा लागला. लेख! कशासाठी, तर कथेतल्या बायकोने कथेतल्या नवऱ्याला अडवलं म्हणून.

बरं, पुढे एखादं पात्र खरंच सुधारलं, शहाण्यासारखं वागायला लागलं, तर हीच मंडळी जांभया देत म्हणणार, "छे, पूर्वीची मजा नाही राहिली."