पैसे तुमचे, पिल्लू ती ठरवणार

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं आणि अकरा दिवसांनी तोच आदेश सौम्य केला. तेव्हापासून पुण्यामुंबईकडचे ग्रुप कुत्र्यांवरून जे पेटले ते अजून विझलेले नाहीत. त्यातला एक फाटा मला फार खटकतो. एक बाजू म्हणते, ब्रीडरकडून पिल्लू घेणं हेच पाप, रस्त्यावरचं उचला. दुसरी म्हणते, पैसे माझे, घर माझं, मला आवडेल ते पिल्लू मी घेईन. आणि हल्ली काही ब्रीडर ‘घरी कोण असतं, किती वेळ असतं’ असल्या चौकश्या करतात, त्यांना हा अधिकार दिला कुणी? निवड घेणाऱ्यानंच करायची, याबद्दल मात्र दोघांचंही एकमत. भांडण आहे ते दुकानातून की रस्त्यावरून, एवढंच.

मी हे हॅनोवरजवळून लिहितोय. ‘तिकडे बसून शहाणपणा शिकवायला काय जातं’ हे उत्तर येणार, ठाऊक आहे. काही जात नाही, खरंच. जर्मन माणसाच्या आगाऊपणाला मीही वैतागतो. बाटल्या कुठल्या वारी कुठल्या डब्यात टाकायच्या हे शेजाऱ्यानं सांगावं, हे मला अजून पचत नाही. पण कुठलं पिल्लू कुणाच्या घरी जाणार हे ब्रीडरनं ठरवण्याचा आगाऊपणा मला पूर्ण मान्य आहे.

इथे चांगला ब्रीडर म्हणजे बहुतेकदा गावाबाहेरच्या घरात राहणारी, दोन-तीन माद्या पाळणारी, वर्षाला एखादं वेत काढणारी बाई असते. व्हीडीएच या जर्मनीतल्या कुत्रापालन महासंघाच्या कुठल्या तरी क्लबची सभासद. लॅब्राडॉरचं उदाहरण घेऊ, कारण ते तिकडेही घरोघर आहे. मेटिंगच्या आधीच तिच्याकडे इच्छुकांची यादी असते. ‘कधी येऊ पिल्लं बघायला?’ हे फोनवरचं पहिलं वाक्य असेल तर बोलणं फार लांबत नाही. पहिली भेट पिल्लांशिवाय होते. तुम्ही जाता, तिच्या माद्या अंगावर येतात, ओल्या पायांनी पँट भरवतात, आणि कॉफी ओतता ओतता ती तुमच्याकडे बघत असते. मुलांनी कुत्रीची शेपटी ओढली तर आईबाप काय करतात, हे फॉर्मवर लिहून मिळत नाही.

फॉर्म वेगळा असतोच. घरमालकाची लेखी परवानगी आहे का? (भाडेकरारात कुत्र्यांवर सरसकट बंदी घालणारं छापील कलम चालत नाही, असं इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१३ मध्ये ठरवलं, तरी प्रत्येक घराचा निकाल वेगळा लागू शकतो, म्हणून तिला कागद हवा असतो.) मजला कितवा, लिफ्ट आहे का? चार महिन्यांचं लॅब्राडॉर पंधरा किलोंच्या आसपास जातं, आणि हाडांची वाढ चालू असताना त्याला रोज तीन जिने उतरवणं कोपरांना आणि खुब्यांना बरं नाही. म्हणजे उचलून न्यायचं. कोण नेणार? नऊ आठवड्यांच्या पिल्लाला झोपून उठलं की, खाल्लं की, खेळलं की बाहेर न्यावं लागतं, दिवसा साधारण दर दोन तासांनी. दोघंही आठवड्यातून चार दिवस ऑफिसात जात असतील तर पहिले सहा महिने काय करणार, हे ती विचारते. आणि नोव्हेंबरात सकाळी सहाला, पावसात, कोण जाणार? ‘आम्ही सगळे मिळून’ हे उत्तर तिनं शंभरदा ऐकलेलं असतं. तिला एक नाव हवं असतं.

आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर तेही सांगावं लागतं. यात तिचा चोंबडेपणा नसतो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशी कुत्री जास्त हावरी आणि जास्त जाड असतात. असं कुत्रं आणि टेबलाखालून तूपपोळी सरकवणारी आजी एका घरात आली, तर दोन वर्षांत खुबे बोलायला लागतात.

आता पिल्लांकडे. आठ पिल्लं एकसारखी काळी असली तर ओळखायला जन्मतःच गळ्यात रंगीत पट्ट्या. रोज वजन, वहीत नोंद. पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, कान तिसऱ्या आठवड्यात. तिथून बाराव्या आठवड्यापर्यंत जे दिसेल, ऐकू येईल, पायाखाली लागेल ते जग म्हणून मान्य होतं. म्हणून पिल्लं स्वयंपाकघराच्या कडेला वाढतात: व्हॅक्युम क्लीनर, भांडी, फरशी, गवत, लोखंडी जाळी, छत्री, दाढीवाला पोस्टमन. वीस आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसाला किमान चार तास माणसाचा सहवास मिळायलाच हवा, असं २०२२ पासून इथला नियमच सांगतो.

ती बघते काय? हातातून स्टीलचं झाकण पाडते. दचकतात सगळीच. प्रश्न एवढाच, की दचकल्यावर किती वेळात कोण झाकण हुंगायला परत येतं. दोन सेकंदांत येणारं पिल्लू, अर्ध्या मिनिटानं येणारं आणि न येणारं, ही तीन वेगळी घरं मागतात. जाळीपलीकडे जेवण ठेवलं की एक जण किंचाळत बसतो, एक जाळी चावतो, एक चालत जाऊन टोकाकडून वाट शोधतो. हातात उताणं धरलं की कोण धडपडून शांत होतं आणि कोण शेवटपर्यंत लढतं. बोळा फेकला तर कोण आणून देतं आणि कोण कोपऱ्यात नेऊन त्यावर बसतं. हे सगळं पोट भरल्यावर किंवा झोपेतून उठवून बघायचं नसतं. झोपाळलेलं प्रत्येक पिल्लू संतच वाटतं.

एकोणपन्नासाव्या दिवशी परक्या माणसाकडून दहा खेळांची चाचणी करून घेण्याची पद्धत आहे, वोलहार्ड चाचणी म्हणतात तिला. काही जणी करतात. तिच्या गुणांवरून मोठेपणीचं कुत्रं सांगता येतं असं समजणं भाबडेपणाचं. अर्ध्या तासाच्या परीक्षेपेक्षा सात आठवड्यांची वही केव्हाही भरवशाची. उलट घेणाऱ्याची भेट असते दोन तासांची, आणि तीही डोळे पाणावलेल्या अवस्थेतली. ‘ते बघा, माझ्याकडे धावत आलं, त्यानंच मला निवडलं!’ त्यानं कुणाला निवडलेलं नसतं. ते एकटं जागं होतं, किंवा सगळ्या भावंडांना तुडवून पुढे येणारं तेच एक होतं. घरात तीन वर्षांचं मूल असेल तर नेमकं हेच पिल्लू त्याच्या हातातली बिस्किटं ओढेल, मोजा पळवेल, आणि मोजा हिसकावणारा बाप भेटला की त्यावर गुरगुरायला शिकेल. दुसरं टोक म्हणजे कोपऱ्यात बसलेलं पिल्लू दया येऊन उचलणं. त्याला शांत, मुलं नसलेलं, वेळ असलेलं घर लागतं. सतत पाहुण्यांचा राबता असलेल्या घरात ते वर्षभरात दाराची घंटा वाजली की भुंकून घर डोक्यावर घेतं.

म्हणून सातव्या-आठव्या आठवड्यात ती कळवते: तुम्हाला हिरव्या पट्टीची मादी. कधी दोनांतून एक निवडू देते. रंग आणि लिंग यांबद्दल इच्छा सांगता येते, हट्ट करता येत नाही. रंगाच्या हट्टाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये निघालेल्या अभ्यासात चॉकलेटी लॅब्राडॉरच्या आयुष्याचा मध्यक १०.७ वर्षं आणि बाकीच्यांचा १२.१ आला, कानाचे आणि त्वचेचे विकारही चॉकलेटींत जास्त. रंग दुर्मिळ, म्हणून त्याच त्या थोड्या कुत्र्यांत पुन्हा पुन्हा मेटिंग, असं त्याचं संभाव्य कारण अभ्यासकांनी मांडलं. सख्खी दोन भावंडं एकाच घरी मागितली तर ती सहसा नाहीच म्हणते. ती एकमेकांत इतकी गुंततात की माणूस तिसरा उरतो.

हस्तांतराआधी क्लबचा त्सुख्टवार्ट, म्हणजे प्रजननावर देखरेख करणारा माणूस, येऊन चिप, बेंबीचा हर्निया, दातांची ठेवण, नरांचे वृषण खाली उतरलेत का, हे तपासून कागदावर लिहितो. आईबापांचे खुब्यांचे एक्स-रे आधीच झालेले असतात, ए (उत्तम) ते ई (वाईट) श्रेणीत. डी आणि ई प्रजननातून बाद. कोपरं शून्य (निर्दोष) ते तीन. डोळ्यांच्या पीआरए या आजाराची डीएनए चाचणी. दोष दोघांकडून आला तरच आंधळेपणा येतो. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला पंचवीस टक्के धोका, एक जण जरी पूर्ण निर्दोष असेल तरी शून्य. इतका सोपा हिशेब आहे.

आणि तिकडे जाहिरातीत काय असतं? ‘डबल बोन’, ‘पंच फेस’, ‘शो क्वालिटी’, ‘विथ पेपर’. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंशावळ सांगतो, खुबे सांगत नाही, हे दहा हजार जास्त मोजणाऱ्याला कुणी सांगत नाही. पिल्लू तीस-पस्तीस दिवसांचं असतानाच हातात, कारण त्यानंतर खाण्याचा, जंताच्या औषधांचा आणि लसींचा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर येतो, पार्व्होचा जीवघेणा विषाणू शिरला तर सगळं वेत जातं, शिवाय लहान पिल्लू गोजिरं दिसतं. चौथ्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी मारामारी करताना दात किती जोरात लावायचे हे पिल्लू शिकतं. ते शिकायच्या आत त्याला फ्लॅटवर आणायचं आणि मग ‘आमचं लॅब फार चावतं’ म्हणून ट्रेनर शोधायचा. कायदा नाही असंही नाही. २०१७ चे केंद्राचे नियम आठ आठवड्यांच्या आत विक्रीला मनाई करतात, ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला सांगतात, मादीचं वय दीड ते आठ वर्षं आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेतं अशी मर्यादा घालतात. मुंबईच्या उकाड्यात हस्की विकणाऱ्याला मात्र कुणीही, एकदाही, ‘एसी किती तास चालतो?’ असं विचारताना मी ऐकलेलं नाही. तो कशाला विचारेल? विचारलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

इथे सगळं सोवळं आहे असं म्हणणार नाही. मोटारवेच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून पिल्लं विकणारे इथेही आहेत. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, पुढे एकवीस दिवस थांबायचं. म्हणजे कायद्यानं परदेशातून आलेलं पिल्लू पंधरा आठवड्यांपेक्षा लहान असूच शकत नाही. तरी आठ आठवड्यांचं, पूर्वेकडून आलेलं, निम्म्या किमतीचं पिल्लू घेणारे जर्मन असतात, आणि तेच नंतर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे रडतात. फक्त इथे त्याला ‘माझे पैसे, माझी मर्जी’ म्हणून कुणी मिरवत नाही. लपवतात.

पुण्यातल्या, रस्त्यावरची पिल्लं दत्तक देणाऱ्यांचं मला याचसाठी नवल वाटतं. ते स्वतः घर बघायला येतात, गॅलरीला जाळी आहे का पाहतात, नसबंदीचं लिहून घेतात, जमलं नाही तर आमच्याकडेच परत करा म्हणतात. इथली चांगली ब्रीडर ओळीनं हेच करते. करारात पिल्लू परत घेण्याचं कलम असतंच, सहा वर्षांनी घटस्फोट झाला तरी. ही दोन माणसं एका बाजूची आहेत. विरुद्ध बाजूला आहे तो फक्त पैसे मोजून घेणारा आणि ‘एकदा दिलं की तुमचं’ म्हणणारा. पण भांडण लागलंय ते दत्तक देणाऱ्यांचं आणि ब्रीडरचंच. देशी इंडी असो की लातूरकडचा कारवान, चौकशी तेवढीच हवी. कारवान तर हरणामागे धावायला घडवलेलं कुत्रं. त्याला दोन खोल्यांत कोंडून ‘स्वदेशी पाळलं’ म्हणण्यात कसली देशभक्ती?

आमच्या मंडळींचं खरं अडतं ते फॉर्मच्या शेवटाकडच्या एका प्रश्नावर. लॅब्राडॉर बारा वर्षं जगतं. या बारा वर्षांत तुम्ही कुठे असाल? घरमालक, पगार, जिने, सगळ्याची उत्तरं घडघडा देणारे आम्ही इथे थबकतो. ब्लू कार्ड (नोकरीसाठीचा राहण्याचा परवाना) चार वर्षांचं, नाशिकला आईला सांगितलेलं ‘दोनेक वर्षांत येतोच’, आणि ब्रीडरला लिहून द्यायचं ‘कायम इथेच’. जर्मन पासपोर्ट घेतलेले मराठी लोकही इथे पेन टेकवून बसतात. व्हिसा अधिकाऱ्याला, कंपनीला, सासरच्यांना आम्ही सोयीचं उत्तर देत आलोय. कुत्र्यासाठी मागितलेलं उत्तर मात्र कुणाच्याच सोयीचं नसतं.

‘माहीत नाही’ असं लिहिलं तर पिल्लू मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. मिळतं. ती एवढंच विचारते की गेलात तर कुत्रं कुठे जाईल, आणि ते करारात घालते: सोबत नेणार, नाहीतर तिच्याकडे परत. दोन वर्षांहून जास्त बाहेर राहून कायमचं परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी भारतात नेता येतात. त्यासाठी भारताच्या प्राणी विलगीकरण विभागाचं ना-हरकत पत्र निघण्याआधी लागतं. एक रक्ततपासणी मात्र निघण्यापूर्वी इथेच करून घ्यावी. रेबीजच्या लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त द्यायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडं मिलिलिटरमागे किमान ०.५ युनिट आली पाहिजेत, आणि त्याची नोंद कुत्र्याच्या युरोपियन पासपोर्टात करून घ्यायची. ही तपासणी भारतात जाऊन केली तर युरोपात परत येताना रक्त दिल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. इथून करून निघालं की ती अट नाही, बूस्टर मात्र वेळेवर हवेत. कायमचं परत चाललोय म्हणणारेही ही तपासणी करूनच निघतात.