यांचा युरोप, माझं फडकं

युरोपात गेल्यावर लोक चर्चं बघतात, राजवाडे बघतात, निदान चॉकलेटं तरी खातात. आमचे हे लोकांच्या घरांत डोकावत फिरले.

मुलाकडे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आम्ही ऐन डिसेंबरात गेलो. तिकीट स्वस्त होतं. का स्वस्त होतं ते विमानतळाबाहेर पाऊल टाकताच कळलं. तिकडे साडेचारलाच दिवेलागण. अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठी घरं अरुंद, उंच, एकमेकांना खेटलेली, आणि दिवे लागले तरी पडदे ओढायची पद्धत नाही. हे एका खिडकीसमोर थबकले ते थबकलेच.

"अहो, चला. पोलीस बोलावतील."

"अगं, दिवा बघतोय. वर ट्यूबलाइट नाहीच! कोपऱ्याकोपऱ्यात छोटे पिवळे दिवे."

आतल्या बाईंनी हात हलवला. यांनीही हलवला. मी मान वर करून घराच्या माथ्यावरचा लोखंडी आकडा बघू लागले. तिथले जिने इतके उभे, की कपाटं-पलंग त्या आकड्याला दोर लावून खिडकीतून वर घेतात. हे मात्र मला मनापासून पटलं. आमचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा बिल्डरच्या माणसाने "कपाट कापा" असं सुचवलं होतं.

पुण्याला परतल्यावर यांनी पहिलं काम केलं ते हॉलचे पडदे काढायचं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये समोरच्या विंगमधल्या काकू म्हणाल्या, "काल भरली वांगी वाटतं? यांना दुसऱ्यांदा वाढलंत, पण स्वतः नाही घेतलंत." संध्याकाळच्या आत पडदे परत लागले.

मग डेल्फ्टची ताटली. डेल्फ्ट म्हणजे निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं गाव. १६४४ साली चीनमधलं मिंग राज्य कोसळलं, तिकडून येणारी चिनी मातीची भांडी आटली आणि इथल्या कुंभारांचं फावलं. चिनी माती तर जवळ नव्हती; मग साध्याच मातीवर कथलाचा पांढरा लेप चढवून त्यांनी वर निळं चितारलं. तेव्हाच्या कारखान्यांपैकी १६५३ सालचा एक अजून चालू आहे, तो आम्ही पाहिला.

"म्हणजे हा डुप्लिकेट माल," मी म्हटलं.

"अगं, पण पावणेचारशे वर्षांपूर्वीचा डुप्लिकेट!"

पाठीमागची चिठ्ठी बघून मी मनातल्या मनात नव्वदने गुणलं आणि जवळच्या बाकावर बसले. पोरासाठी नेलेल्या लाडवांचा रिकामा डबा होता, त्यात माझ्या शालीत गुंडाळून ताटली पुण्याला आली. भिंतीला भोक पाडायला माणूस आला, त्याने भोकाबरोबर आतली वायरही पाडली, मग इलेक्ट्रिशियन आला. ताटली लागली. सकाळी कामाच्या मावशी कंबरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभ्या.

"ताई, ताटली भिंतीला कशापायी? मांडणीत जागा न्हाई का?"

"साहेबांनी शोभेला लावलीय."

"पुसायची कुणी?"

या प्रश्नावर युरोपच्या कुठल्याही वस्तुसंग्रहालयात मला उत्तर मिळालेलं नाही. मावशींनी तिला हात लावला नाही तो नाहीच. ती मी पुसते, स्टुलावर चढून, श्वास रोखून. आमच्या रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे, त्यामुळे निळी चित्रं दर गुरुवारपर्यंत तपकिरी होतात.

व्हिएन्नाला मात्र माझी पाळी होती. तिथे कॉफी चांदीच्या ट्रेमध्ये, सोबत पाण्याचा ग्लास, अशा थाटात येते. हे कॉफीकडे न बघता खुर्चीकडे बघत होते. थोनेट नावाच्या खुर्च्या बनवणाऱ्याची चौदा नंबरची खुर्ची, १८५९ सालची घडण. बीच झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, झाली खुर्ची. सुट्या करून भरल्या तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस मावत. अशी ती सगळ्या जगभर गेली. हे सगळं यांनी मला भारावून सांगितलं आणि म्हणाले, "बसून बघ. काही वेगळं वाटतं की नाही?"

काही वेगळं वाटेना. मी गिरगावची. धोबीतलावच्या इराण्याकडे याच गोल पाठीच्या खुर्चीवर बसून आम्ही मैत्रिणींनी कॉलेजभर ब्रून-मस्का खाल्ला, बिल कोण देणार यावर भांडलो. मी यांना तसं सांगितलं. यांचा चेहरा पडला; पण घरात तशी खुर्ची हवी हा हट्ट काही पडला नाही. जुन्या बाजारात रविवारी घासाघीस करून एक आणली. गोल पाठ, वेताची बैठक, वेत मध्यभागी जरा खचलेला. "तेच तिचं सौंदर्य," हे म्हणाले. विहीणबाई दिवाळीच्या फराळाला आल्या तेव्हा त्या सौंदर्यावर नेमक्या त्याच बसल्या. कर्र आवाज झाला. त्या चिवड्याच्या वाटीसकट जिथे अडकल्या तिथून त्यांना काढताना आम्ही सगळ्यांनी अत्यंत गंभीर चेहरे ठेवले. वेत विणणारा माणूस अजून शोधतोय.

पण खरा कहर कोपनहेगनने केला. तिथे डिसेंबरात साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. मग माणसं काय करणार? टेबलावर, खिडकीत, जमेल तिथे मेणबत्त्या लावतात, पायांवर लोकरीची शाल घेतात आणि ऊब धरून बसतात. याला ते 'हुग्गा' म्हणतात. हे त्यावर फिदा. सामानात मेणबत्त्यांची अख्खी पिशवी आली.

त्या लावायचा मुहूर्त निघाला एप्रिलात.

पंख्याखाली मेणबत्ती टिकत नाही, म्हणून पंखा बंद. खिडकीतून झुळूक येते, म्हणून खिडक्या बंद. बाहेर दिवसभर चाळीस डिग्री होऊन भिंती भाजून निघालेल्या. हे शाल पायांवर घेऊन, गंजीफ्रॉकवर, कपाळाचा घाम पुसत बसले होते आणि मला विचारत होते, "कसं शांत वाटतं ना?" मेण ज्योत पेटायच्या आधीच कलायला लागलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे काका, हातात टॉर्च.

"तुमचीपण गेली का? मी महावितरणला फोन लावतो."

"गेली नाहीये काका, लावलेली आहे," मी म्हटलं. काकांनी आत डोकावून शालीकडे पाहिलं. "ताप आहे का यांना?"

त्या रात्री मुलाला व्हिडिओ कॉल लावला, तर पडद्यावर सूनबाई. तिच्या मागे आमच्या माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ, चकचकीत घासलेलं, त्यात छत्र्या उभ्या. खुर्च्यांवर माझ्या जुन्या इरकलीचे अभ्रे. म्हणाली, "आई, शेजारच्या डच बाई येऊन फोटो काढून गेल्या. विचारत होत्या, हे सगळं कुठल्या दुकानात मिळतं."

हे पंख्याचा रेग्युलेटर पाचावर फिरवत मध्येच म्हणाले, "ते घंगाळ आपल्या हॉलमध्येही छान दिसेल. पुढच्या खेपेला परत आणूया."

नेताना त्याचे जादा सामानाचे पैसे विमानतळावर मी भरले होते. पावती अजून पर्समध्ये आहे.