‘क्रूझ म्हणे! जुनी फेरीबोट रंगवून ठेवलीय’ – मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक तारा आणि अभिप्राय वाचला. मागच्या बाकांवर डिझेलचा धूर आला, भजी गार मिळाली, त्याबद्दल माफ करा. पावसाळ्यात बोट वर काढली की धुराड्याचं काम करायचंच आहे.

पण ‘सूर्यास्ताचे ६०० रुपये घेतले आणि निम्म्यातून परत आणलं’ हे मात्र जिव्हारी लागलं. ते वाचून लोक बुकिंग रद्द करताहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही आलात तो दिवस पौर्णिमेचा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची, पाणी पार तळाला जातं. वाशिष्ठीच्या खाडीत आत जायच्या वाटेवर गाळ आहे. तो ओलांडून कांदळवनात जायचं आणि पाणी उतरायच्या आत परत यायचं, एवढ्यासाठी नेहमीची साडेचारची फेरी त्या दिवशी साडेतीनला ठेवली होती. आदल्या रात्री मेसेज केला, तुम्ही ‘ओके’ म्हणालात. तुमची मंडळी धक्क्यावर आली सव्वाचारनंतर, कारण वाटेत जेवायला उशीर झाला. बाकीचे प्रवासी तोवर लहान मुलं घेऊन उन्हात बसून होते, त्यांनी एक शब्द काढला नाही. त्यानंतर तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्यांनी, बोट आत घातली असती तर परत येताना गाळात बसली असती, आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत तुम्ही अंधारात, डासांत असता. मग एक तारा तरी मिळाला असता का? सूर्यास्त तुम्ही खोल पाण्यातून पाहिलात, त्याचे फोटोही अभिप्रायात टाकलेत. तुमच्या मुलाला काठावर मगर दिसली तीसुद्धा ओहोटीमुळेच, चिखल उघडा पडला की त्या उन्हाला येतात.

आता ‘जुनी फेरीबोट’. हो, आहे, आम्ही कधी लपवलं नाही. जिथे ट्रक आणि मोटारसायकली उभ्या राहायच्या तिथे आज खुर्च्या आहेत. बूड सपाट आहे म्हणून तर ती एवढ्या कमी पाण्यात चालते. ‘वर नाचायला डेक नाही’ म्हणालात. वजन वर गेलं की बोट कलते, बोटी तपासणारे सर्वेक्षक परवानगी देत नाहीत आणि मीही मागणार नाही. २०१८ साली मुंबई-गोवा सुरू झालेली ‘आंग्रिया’ क्रूझ आठवते? तीसुद्धा आधी जपानची प्रवासी फेरीच होती, ‘ओगासावारा मारू’ नावाची, टोकियोहून ओगासावारा बेटांवर जायची. तिला कोणी नावं ठेवली नाहीत. आमची गरिबाची, म्हणून बोललं जातं.

पावसाळ्यात धंदा बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू असतो. तरी धक्क्यावर भरतीच्या वेळांचा फळा लावतोय, भज्यांचंही बघतो.

पुन्हा यायचं असेल तर अष्टमीला या. खाडी भरलेली असेल, थेट कांदळवनात सूर्यास्त दाखवतो. तुमच्या घरच्यांचं निम्मं तिकीट. बोट साडेचारला सुटेल, त्या दिवशी कोणासाठी थांबणार नाही.